स्वयंपाकघराचें माप

घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून, ही म्हण ज्या कोणीं रचिली त्यानें दोन्ही अनुभव घेतले असतील यांत शंका नाहीं. परंतु राहतें घर, त्यांत राहूनच, मोडून पुन्हां बांधण्याचा प्रसंग त्या गृहस्थावर आलेला दिसत नाहीं. आला असता तर त्यानें म्हणीला तिसरा चरण खास जोडला असता. आमच्या येथें वाईस गेल्या मार्गशीर्षापासून माघापर्यंत स्वयंपाकघर आणि त्याला लागून असलेली धुण्याची मोरी यांचा जीर्णोद्धार चालला होता. घरांत माणसें तीन: माझी आई, सौ. आणि मी. तेवढे दिवस कोठेंतरी भाड्यानें राहावें असें चिरंजिवांचें म्हणणें होतें. पण आईनें घर सोडण्यास साफ नकार दिला आणि तिच्यामागें आम्हीहि राहिलों.

काम काढलें तें हौसेनें नव्हे. घर माझ्या आजोबांनीं बांधलेलें. विटांच्या रुंद भिंती, चुन्याचा गिलावा, सागवानी खांब व तुळया, वर कडीपाट. अशा घराचा शत्रु एकच, आणि तो म्हणजे पाणी. आमची मोरी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांत. तेथेंच भांडीं, तेथेंच धुणें, आणि पंधरा वर्षांपूर्वीं तेथेंच धुण्याचें यंत्र येऊन बसलें. हातानें धुणारी बाई पाणी तांब्यानें ओतते; यंत्र तें बादल्या बादल्या एका दमांत सोडतें. शहाबादी फरशांच्या सांध्यांतून तें जमिनींत मुरत गेलें, विटांनीं शोषून वर चढविलें, आणि भिंतीला कमरेइतका लोणा धरला. अशा भिंतीवर पुष्कळजण सिमेंटचा गिलावा चढवितात. त्यानें ओल झांकते, पण जात नाहीं; सिमेंट जेथें संपतें तेथून ती आणखी उंचावर डोकें काढते. जुन्या विटेला चुनाच मानवतो, कारण त्यांतून ओल बाहेर निघून जाऊं शकते. हें सारें ज्ञान मला आमच्या मिस्त्रींकडून मिळालें. गेल्या श्रावणांत त्यांनीं मोरीशेजारचा खांब टोकरला, तेव्हां तळखड्याच्या वर त्यांची पटाशी चार बोटें सहज आंत गेली. "गुरुजी, ह्यो खांब आता उभा न्हाई, लटकलाय बगा," असें ते म्हणाले, आणि मग विचार करण्यासारखें कांहीं उरलें नाहीं.

चिरंजीव पुण्यास एका कारखान्यांत अभियंता आहेत. त्यांनीं भ्रमणध्वनीवर एक सुबक आराखडा धाडला. काटकोनी ओटा, त्याखालीं ओढून बाहेर काढावयाच्या ट्रॉल्या, भिंतीवर बंद कपाटें, माजघरांतून येणारें दार बुजवून नवें दार अंगणाकडून, आणि यंत्रासाठीं मोरीच्या जागीं वेगळी धुण्याची खोली. सौ. हरखली. आई कांहीं बोलली नाहीं. तिला तो दिसतच नव्हता.

आईचें वय ८९. तिला काचबिंदू आहे. मोतीबिंदू आणि काचबिंदू या दोहोंत सामान्य लोक घोटाळा करितात, म्हणून सांगतों. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ होतें. तें काढून दुसरें बसवितां येतें आणि दृष्टि परत येते. काचबिंदूंत डोळ्यांतून मेंदूकडे जाणारी नसच झिजते. त्यांतून जी दृष्टि गेली ती गेली. औषधाचे थेंब घालून उरलेली सांभाळावयाची, एवढेंच माणसाच्या हातीं. शिवाय ती कडेनें नाहींशी होत येते, त्यामुळें रोग्याला स्वतःला तें पुष्कळ दिवस कळतहि नाहीं. आईचा उजवा डोळा पूर्ण गेला आहे. डाव्यानें तिला वेळूच्या नळींतून पाहावें तेवढें दिसतें.

आणि तरीहि रोज पहाटे पांचाला माझ्या हातीं चहाचा पेला येतो तो तिच्या हातचा. माजघराच्या उंबरठ्यापासून चार पाउलें सरळ गेलें कीं ओट्याची कड. कडेवर डावा हात ठेवून वर उजवा हात उचलला कीं फळी. फळीवर डावीकडून चहा, साखर, मग मिसळणाचा डबा, मग मिठाची चिनी मातीची बरणी. तूप ती कानानें कढविते. लोण्यांतलें पाणी आहे तोंवर तें तडतडतें. पाणी सरलें कीं आवाज बसतो, वास फिरतो, त्या क्षणीं ती शेगडी बंद करिते. तिचें तूप कधीं करपलेलें मला आठवत नाहीं. अंगणांत, ओसरीवर, देवळांत ती आमच्या हातावर हात ठेवून चालते. त्या एका खोलींत मात्र तिला कोणाचा हात लागत नाहीं. डबा वीतभर सरकला तर तिला तो शोधावा लागतो. येथें तर दारासकट भिंती सरकावयाच्या होत्या.

मग तें स्वयंपाकघर जसेंच्या तसें राखावें, असें कोणी म्हणेल. पण दुसरी बाजू तितकीच खरी होती. आमच्याकडे गॅस आला १९८१ सालीं. मुंबईस तो १९५५ च्या सुमारास आला आणि पुढें हळूहळू गांवोगांव पसरला. त्याच्याबरोबर ओटा आला, कारण शेगडी नळकांड्याहून उंच ठेवावी असा त्या वायूचा नियम. बसून रांधणाऱ्या बायका त्या दिवसापासून उभ्या राहिल्या. आमचा ओटा वडिलांनीं आईच्या उंचीला जमेल असा २८ इंच करविला; आईची उंची चार फूट नऊ इंच. १९८४ सालीं सौ. या घरांत आली ती पांच फूट चार इंच उंचीची. चाळीस वर्षें ती त्या ओट्यावर वाकून पोळ्या लाटीत आली आहे आणि तिच्या कंबरेनें त्याचा हिशेब आतां पुरा मांडला आहे. घरांत याविषयीं भांडण असें झालें नाहीं. एका रात्रीं मात्र ती मला म्हणाली, "अहो, आईंचं म्हणणं खोटं नाही. पण माझी कंबरही खोटी नाही." यावर काय उत्तर द्यावें? चिरंजिवांना विचारलें तर ते म्हणाले, "आजीला आतां स्वयंपाक करूं देऊंच नका, तिनें विश्रांति घ्यावी." तरुण माणसांना विश्रांति ही नेहमींच देणगी वाटते. ज्याला ती मिळते त्याला ती कित्येकदां शिक्षा असते.

तोड काढली ती मिस्त्रींनीं. भिंत पाडण्याच्या आदल्या दिवशीं ते एक सरळ सागवानी पट्टी, सुतळीचा गुंडा आणि खडू घेऊन आले आणि आईला म्हणाले, "आजी, एक डाव च्या करून दावा मला." आईनें चहा केला. ती जेथें जेथें हात नेई तेथें तेथें ते मागून खडूची खूण करीत. चहा झाल्यावर त्यांनीं पट्टी भिंतीला उभी लावून सर्व उंच्यांच्या खांचा तिच्यावर पाडल्या: ओट्याची कड, शेगडीची कळ, फळी, खुंटीवरचें फडकें, नळाची तोटी. सुतळीवर उंबरठ्यापासूनच्या अंतरांच्या गांठी मारल्या. भिंत पडली तरी माप पडणार नव्हतें. पट्टी व सुतळी दोन्ही त्यांनीं माझ्या स्वाधीन केलीं आणि तीं देवघराच्या कोनाड्यांत राहिलीं.

त्या सुतळीकडे पाहतांना मला शुल्बसूत्रें आठवलीं. शुल्ब म्हणजे दोरी. यज्ञाची चिति रचावयाची तर तिचें माप या दोरीनें घेत. परंतु त्या दोरीची लांबी राजाच्या भांडारांतील गजानें ठरत नसे. यजमानानें दोन्ही हात वर करून उभें राहावयाचें, आणि त्याच्या पायापासून बोटांच्या टोकांपर्यंतचें जें अंतर तो एक पुरुष. त्याचे भाग केले म्हणजे १२० अंगुलें. यजमान ठेंगणा असला तर चिति लहान, उंच असला तर मोठी; दोन्ही सारख्याच शास्त्रशुद्ध. वेदींना ही सोय होती. घरच्या चुलीपुढें जी जन्मभर उभी राहते तिच्या शरीराचें माप घ्यावें असें मात्र ओटे बांधणाऱ्यांना क्वचितच सुचतें. हल्लीं घर बांधतांना अग्निकोनाची चौकशी करणारे यजमान मला पुष्कळ भेटतात. ओट्याची उंची किती असावी हें घरांतल्या बाईला विचारणारा विरळा.

तेव्हां असें ठरलें: मुख्य ओटा ३४ इंचांचा, सौ.साठीं. त्याच्या माजघराकडील टोकाला तीन फूट लांबीचा तुकडा जुन्या जागीं, जुन्याच २८ इंचांचा. वर उघडी फळी, तिच्यावर जुनाच क्रम. दार बुजवावयाचें नाहीं. चिरंजिवांनीं आराखडा बदलून धाडला. ट्रॉल्यांपैकीं दोन कमी झाल्या त्याचें त्यांना थोडें वाईट वाटलें असावें.

यापुढील दिवसांचें वर्णन ज्यांनीं हें भोगलें आहे त्यांना नको आणि ज्यांनीं भोगलें नाहीं त्यांना खरें वाटणार नाहीं. स्वयंपाकघर माझ्या लिहिण्याच्या खोलींत आलें. मनुस्मृतींत गृहस्थाच्या घरीं नकळत हिंसा घडण्याचीं पांच स्थानें गणिलीं आहेत: चूल, पेषणी, केरसुणीसारखीं उपकरणें, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. पैकीं चार त्या दिवशीं माझ्या टेबलाभोंवतीं दाखल झालीं. पांचवें, उखळ, जमिनींत पुरलेलें होतें, तें कोबा फोडतांना वर आलें. वामन शिवराम आपट्यांच्या कोशाशेजारीं लोणच्याची बरणी, अमरकोशावर पोळ्यांचा डबा. आपट्यांच्या कोशाचीं पानें आजहि चाळलीं तर हिंगाच्या फोडणीचा वास येतो. धूळ तर काय सांगावी! लाद्या कापण्याचें यंत्र सुरू झालें कीं ती पिठासारखी उठे आणि बंद कपाटांतील धोतराच्या घडींतहि जाऊन बसे. धुणें परसांत, जुन्या दगडावर. तो दगड यंत्र आल्यापासून तुळशीच्या कुंड्या ठेवण्याच्या कामीं होता. पुन्हां आपल्या मूळ धंद्याला लागला. पौषांतील वाईची थंडी, सकाळचें पाणी आणि भिजलेली चादर पिळणें हें दोघांचें काम. एक टोक तिच्या हातीं, एक माझ्या. या वयांत नवराबायकोंना असा समोरासमोर उभें राहण्याचा प्रसंग फारसा येत नाहीं.

हाल खरे झाले ते आईचे. स्वयंपाकघर तर गेलेंच, पण सामान हलल्यामुळें माजघरहि तिला अनोळखी झालें. ज्या कोपऱ्यांत मोकळी जागा असे तेथें फरशांची चळत, जेथें खाट असे तेथें सिमेंटचीं पोतीं. पंधराव्या दिवशीं रात्रीं ती पाणी पिण्यास उठली आणि एका घमेल्याला पाय अडखळून पडली. हाड मोडलें नाहीं, ही देवाची कृपा. मनगट मात्र सुजलें. पण त्या रात्रीपासून ती आपण होऊन उठेना. पहाटेचा चहा सौ. करी, आई पेला घेई आणि न बोलतां परत देई. जेवण अर्ध्यावर आलें. एके दिवशीं दुपारीं मी जवळ बसलों असतां तिनें भिंतीवरून हात फिरविला आणि मला विचारलें, "बाळ, आपलं घर कुठं गेलं रे?"

मी सदुसष्ट वर्षांचा आहें. शाळेंत मुलांनीं विचारलेल्या प्रश्नांना उत्तरें देण्यांत माझें आयुष्य गेलें. या प्रश्नाला मीं उत्तर दिलें नाहीं. उठून कोनाड्यांतली ती पट्टी आणली आणि तिच्या हातांत दिली. तिनें खांचांवरून बोटें फिरविलीं. "ही ओट्याची," असें मीं म्हणतांच ती म्हणाली, "ठाऊक आहे. आणि ही फळीची. ही कसली?" ती नळाची होती. "नळ एवढा खाली होता होय?" असें म्हणून तिनें पट्टी पुन्हां पहिल्यापासून चाचपून पाहिली. त्यानंतर ती पट्टी तिच्या उशाशींच राहिली. रोज संध्याकाळीं कारागीर गेले म्हणजे सौ. तिला हातीं धरून आंत नेई आणि त्या दिवशीं काय झालें तें हातांनीं दाखवी. मिस्त्रींनींहि सामान एकाच भिंतीला लावून माजघरांतली वाट मोकळी करून दिली. हें आधींच झालें असतें तर बरें होतें, पण तें असो.

काम सरळ पार पडलें असें नाहीं. मिस्त्री भाचीच्या लग्नाला आठ दिवस गेले असतां नळ व धुण्याच्या खोलीची जमीन एका कंत्राटदाराकडे सोंपविली होती. त्याचें नांव घेण्याचें कारण नाहीं. जमीन दिसावयास आरशासारखी. मिस्त्रींनीं परत येतांच तिच्यावर तांब्याभर पाणी ओतलें. पाणी नळीच्या तोंडाकडे न जातां ऐटींत भिंतीकडे निघालें. सारी जमीन पुन्हां फुटली. नवी झाल्यावर त्यांनीं नळीचें तोंड बोळ्यानें बंद केलें, दोन इंच पाणी भरलें, भिंतीवर पेन्सिलीची रेघ ओढली आणि अठ्ठेचाळीस तास कोणालाहि आंत जाऊं दिलें नाहीं. पाणी रेघेवर राहिलें व भिंतीच्या पलीकडील अंगाला ओल फुटली नाहीं, तेव्हां लाद्या लागल्या. ज्यांना असें काम काढावयाचें असेल त्यांनीं ही परीक्षा लाद्या लावण्यापूर्वीं घ्यावी. नंतर घेऊन उपयोग नाहीं.

दुसरें एक सांगण्यासारखें आहे. सिमेंट वाळून घट्ट होतें अशी सर्वसाधारण समजूत, सौ.चीहि तीच होती, आणि म्हणून नव्या कोब्यावर रोज पाणी मारलें जातांना पाहून तिचा जीव खालींवर होई. वास्तविक सिमेंट पाण्याशीं संयोग पावून घट्ट होतें. पाणी लवकर उडालें तर तें कच्चें राहतें. म्हणून निदान सात दिवस, आणि हल्लींच्या राखमिश्रित सिमेंटला दहा दिवस तरी, तें ओलें ठेवावें लागतें. चुन्याचें उलट. तो हवेंतील कर्बवायु शोषून हळूहळू दगडासारखा होतो, आणि त्याला घाई मुळींच चालत नाहीं. खांबाचा कुजलेला पाय सव्वा फूट कापून त्याखालीं काळ्या पाषाणाचा उंच तळखडा दिला. तें होईपर्यंत तुळई लोखंडी टेकूंवर होती; ते दोन दिवस मला नीट झोंप आली नाहीं.

माघी पौर्णिमेच्या आदल्या दिवशीं आंत जाण्यासारखें झालें. आईच्या शेगडीविषयीं मात्र आमचें पुष्कळ बोलणें झालें होतें. चिरंजिवांनीं विजेची सपाट शेगडी सुचविली. पण तिच्या कांचेवर बोटांना कांहींच लागत नाहीं, आणि डोळ्यांनीं वाचावयाच्या कळा डोळे नसलेल्याच्या काय कामाच्या! शेवटीं ज्योत विझली तर वायु आपोआप बंद करणारी, जाड खटक्याच्या कळेची एक शेगडी घेतली. हा शोध सौ.चा. दुकानांत तिनें डोळे मिटून तीन शेगड्या फिरवून पाहिल्या. दुकानदार बघत राहिला.

पहिल्या दिवशीं दूध उतूं जाऊं द्यावें अशी रीत आहे. आईला माजघराच्या उंबरठ्यापाशीं आणून मीं हात सोडला. ती चार पाउलें चालली. डावा हात कडेला लागला, उजवा वर गेला, फळीला टेकला, चहाच्या डब्यावरून साखरेच्या डब्यावर, तेथून बरणीवर. मग तो जरा थांबला. "फळी अर्धा बोट खाली आहे," ती म्हणाली. मिस्त्रींनीं पट्टी लावून पाहिली. लाद्यांची जाडी जमिनींत वाढली होती, ती हिशेबांत धरलेली नव्हती. "आज संध्याकाळी उचलतो आजी," ते ओशाळून म्हणाले, आणि तेवढ्या वेळांत दूध तापूं लागलें. आम्ही सर्व पातेल्याकडे पाहत उभे होतों. सौ.नें खालीं ताटली धरली होती. दुधाचा आवाज बदलला, साय फुगून कांठाशीं आली, आणि आईनें खटकन् कळ फिरविली.

"अहो आई, उतू जाऊ द्यायचं होतं!" सौ. म्हणाली.

"दूध सांडायचं कशाला?" आई म्हणाली. "पेले आण."

फळी त्याच संध्याकाळीं वर गेली. धुण्याच्या यंत्राची नळी मात्र नव्या तोंडाला आंखूड पडते, तेव्हां ती येईपर्यंत चादरी अजून परसांतच आहेत.